‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ याच्या पुढचं वाक्य

मेंदूविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि या दोन्ही शाखांत शिकत असलेले निवासी डॉक्टर यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पेशंट आहे. गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी एका सकाळी उठून बसले आणि उजवा पाय पलंगावरून खाली येईना. दुखत नव्हता, मुंग्या नव्हत्या. मी सांगत होते आणि तो ऐकत नव्हता, एवढंच. दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला तर तो परक्या माणसाचा पाय असावा तसा जड लागला.

तासाभरात मी हॉस्पिटलमध्ये होते. पक्षाघाताची शंका आली म्हणून धावपळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पक्षाघातात मिनिटामिनिटाला मेंदूच्या पेशी मरत असतात, तिथे कुणी थांबून विचार करत बसू नये. डोक्याचा सीटी झाला, एमआरआय झाला, मग मणक्याचा एमआरआय, नसांमधून वीज किती वेगाने जाते ते पाहणारी तपासणी, पाठीतून पाणी काढून त्याची तपासणी. तिसऱ्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनी फाइल चाळली, मिटली आणि म्हणाले, “रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला काहीही झालेलं नाही.”

मी पायाकडे बघितलं. तो तसाच पडून होता.

त्या दोन वाक्यांपैकी पहिलं खरं होतं. दुसरं चुकीचं होतं, आणि त्या चुकीने माझं जवळजवळ एक वर्ष खाल्लं. हे पत्र त्या दुसऱ्या वाक्याबद्दल आहे. मी त्या डॉक्टरांचं नाव घेणार नाही, हॉस्पिटलचंही नाही. असंच वाक्य मी नंतर इतक्या पेशंटांच्या तोंडून ऐकलं आहे की तो दोष एका माणसाचा राहिलेला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. माझ्या नवऱ्याला व्हरांड्यात बोलावून सांगण्यात आलं की टेन्शन असेल, एकदा सायकियाट्रिस्टना दाखवून घ्या. मला हे त्याच्याकडून कळलं. आजार माझा आणि त्याबद्दलचं बोलणं मला वगळून. मनोविकारतज्ज्ञ मात्र भले गृहस्थ होते. त्यांनी जवळजवळ तासभर दिला; झोप, भूक, लग्न, लहानपण, सगळं विचारलं आणि शेवटी म्हणाले, “तुम्हाला नैराश्य नाही. चिंतेचा विकारही दिसत नाही. पाय हलत नाही म्हणजे हे न्यूरॉलॉजीचंच काम आहे.” परत चिठ्ठी. परत न्यूरॉलॉजीची ओपीडी. तिथून पुन्हा उलट. या दोन खोल्यांमध्ये मी 11 महिने फिरले, आधी व्हीलचेअरवरून आणि मग वॉकर घेऊन.

घरचे, नात्यातले वाईट नव्हते. पण “रिपोर्टात काही नाही ना? मग उठ की” हे वाक्य किती प्रेमळ माणसं किती सहज बोलू शकतात, ते मी तेव्हा ऐकलं. सगळ्यात वाईट गोष्ट मी त्या वेळी कुणालाही सांगितली नव्हती. रात्री सगळे झोपले की मी अंधारात पायाला आज्ञा देऊन बघायची. तो हलतोय का ते बघायला नव्हे. मी नाटक तर करत नाही ना, याची स्वतःशीच खातरजमा करायला.

अकराव्या महिन्यात मला ज्या डॉक्टरांनी तपासलं त्या मेंदूविकारतज्ज्ञच होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि मला आडवं केलं. उजव्या टाचेखाली आपला हात सरकवून म्हणाल्या, टाच खाली दाबा. मी जीव तोडून दाबायला गेले. त्यांच्या हाताला काहीच जाणवलं नाही. हात तिथेच राहू देऊन त्या म्हणाल्या, आता उजव्या पायाचं विसरा, डावा वर उचला, मी वरून अडवते. मी डावा पाय उचलायला जोर लावला. “आता बघा,” त्या म्हणाल्या, “तुमची उजवी टाच माझा हात गादीत दाबतेय.” नवऱ्याला जवळ बोलावून त्याचा हात तिथे ठेवला आणि पुन्हा करून दाखवलं. त्याचाही हात दाबला गेला. तो काही बोलला नाही, पण त्याचे डोळे भरले होते.

हे चिन्ह तुम्हाला ठाऊक आहे. अमेरिकन डॉक्टर चार्ल्स हूवर यांनी ते 1908 साली मांडलं. आडवं पडलेला माणूस एक पाय जोर लावून उचलतो तेव्हा दुसरा पाय आपोआप खाली दाबला जातो. त्यासाठी वेगळी इच्छा करावी लागत नाही. पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या पायात ही आपोआप येणारी ताकदही नसते. माझ्या पायात ती होती. म्हणजे मेंदूपासून पायापर्यंतची वाट शाबूत होती आणि मी जाणूनबुजून हलवायला गेले की तेवढंच ते होत नव्हतं. या तपासणीला यंत्र लागत नाही. दोन मिनिटं लागतात.

त्यानंतर त्या जे बोलल्या ते मी त्याच दिवशी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. “तुमच्या पायाच्या नसा चांगल्या आहेत, पण तुमच्या मेंदूला त्या पायापर्यंत मुद्दाम पोचता येत नाहीये. याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात. हा खरा आजार आहे आणि तुम्ही तो करत नाही आहात. यात सुधारणा होऊ शकते, कारण ताकद तिथे आहे हे आत्ताच आपण तिघांनी पाहिलं.”

पायाला काय झालंय ते मला पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं. तोवर ऐकलं होतं ते फक्त काय झालेलं नाही याबद्दल.

मी त्यानंतर वाचायला लागले. गणिताची शिक्षिका आहे, आकडे दिसले की थांबते. स्कॉटलंडमध्ये मेंदूविकारांच्या ओपीडीत नव्याने आलेल्या 3781 पेशंटांचा अभ्यास झाला होता. त्यातल्या 1144 जणांच्या, म्हणजे जवळजवळ 30 टक्क्यांच्या बाबतीत, त्यांची लक्षणं कुठल्याही शारीरिक विकाराने नीट उलगडत नाहीत असं तपासणाऱ्या डॉक्टरांचं मत पडलं. या 30 टक्क्यांत सगळेच माझ्यासारखे नसतील. तरी डोकेदुखीच्या खालोखाल न्यूरॉलॉजीच्या दारात सर्वांत जास्त कोण येत असेल तर आमच्यासारखे पेशंट, असं त्याच अभ्यासकांनी नोंदवलं आहे. तुमच्या ओपीडीत रोज कुणीतरी आमच्यापैकी बसलेलं असतं. तरी ज्या आजाराचं नाव आम्हाला सांगायला तुमची जीभ अडखळते, असा हा आजार आहे. का अडखळते?

मला वाटतं, त्यात मोठा वाटा भीतीचा आहे, आणि ती भीती मला समजते. 1965 साली लंडनचे मनोविकारतज्ज्ञ एलियट स्लेटर यांनी, पूर्वी ‘हिस्टेरिया’ (आमच्यासारख्यांच्या आजाराचं जुनं नाव) असं निदान झालेल्या 85 पेशंटांचा मागोवा घेऊन लिहिलं की या निदानाच्या आड डॉक्टरांचं अज्ञान लपतं आणि त्यातून चुका जन्म घेतात. त्यांच्या यादीतल्या अनेकांना पुढे मेंदूचे किंवा मनाचे दुसरे आजार निघाले होते. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या हे ऐकत वाढल्या. ‘हिस्टेरिया म्हणालात आणि उद्या ट्यूमर निघाला तर?’ म्हणून मग काहीच न म्हणणं सुरक्षित वाटू लागलं. पण स्लेटर यांच्यानंतरही लोक मोजत राहिले. 2005 साली अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. चुकीच्या निदानाचं प्रमाण 1950च्या दशकात 29 टक्के होतं, 1960च्या दशकात 17, आणि 1970पासून पुढे सुमारे 4 टक्क्यांवर येऊन थांबलं होतं. स्कॉटलंडच्या त्या पेशंटांपैकी 1030 जणांची दीड वर्षानंतरची माहिती मिळाली. त्यांपैकी ज्यांना आधी लक्षात न आलेला शारीरिक आजार निघाला आणि त्यानेच ती लक्षणं झाली असावीत असं वाटलं, असे लोक होते 4. तुमच्या शास्त्रात इतकं पक्कं ठरणारी निदानं फार नाहीत. मग भीती अजून 1965 सालचीच का?

दुसरं कारण जुनं आहे आणि मला जास्त टोचतं. ‘रिपोर्टात दिसतं ते खरं’ हा विश्वास. तो एमआरआयच्याही आधीचा आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झाँ-मार्टिन शार्को यांनी एकोणिसाव्या शतकात मज्जासंस्थेचे आजार एकेक करून वेगळे काढले. मल्टिपल स्क्लेरोसिसचं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणाऱ्या आजाराचं, त्यांनी 1868 साली केलेलं वर्णन आजही तुम्ही शिकता. त्यांची रीत साधी होती. जिवंतपणी पेशंटला बारकाईने तपासायचं आणि मृत्यूनंतर मेंदू उघडून बिघाड कुठे आहे ते शोधायचं. हिस्टेरियाच्या पेशंटांच्या मेंदूत त्यांना काहीच सापडलं नाही. तरीही त्यांनी ‘आजार नाही’ असं म्हटलं नाही. डोळ्यांना न दिसणारा, कार्यातला बिघाड असावा, असं ते म्हणाले. हा आजार पुरुषांनाही होतो हेही त्यांनी ठासून सांगितलं, आणि त्या काळी ते धाडसाचं होतं. त्यांनी हिस्टेरियाच्या बायकांना भरलेल्या सभागृहात लोकांसमोर उभं करून दाखवलं, हे मला कधीच पटणार नाही. पण त्यांचा तो एक विचार बरोबर होता, आणि तुम्ही तो मध्येच टाकून दिलात.

1893 साली शार्को गेले आणि घराची वाटणी झाली. 1885-86च्या हिवाळ्यात त्यांच्याकडे शिकून गेलेले सिग्मंड फ्रॉइड या पेशंटांना मनाच्या बाजूला घेऊन गेले. शार्को यांचेच शिष्य जोसेफ बाबिन्स्की यांनी 1896 साली तळपायाच्या त्या प्रतिक्षिप्त क्रियेचं चिन्ह दिलं, ज्याने खऱ्या पक्षाघाताला हिस्टेरियातून वेगळं काढता येऊ लागलं. चिन्ह अनमोल आहे. पण ‘खरा पक्षाघात’ हे शब्द आत्ता माझ्याही लेखणीतून किती सहज आले बघा. एका बाजूला खरे, दुसऱ्या बाजूला उरलेले. आम्ही उरलेल्यांत गेलो.

खरं तर या दोन खोल्यांमधली भिंत मुळात इतकी पक्की कधी नव्हती. फ्रॉइड यांची सुरुवात मेंदूच्या अभ्यासातून झाली. वाचाघातावर, म्हणजे मेंदूतल्या बिघाडाने वाचा जाण्यावर, त्यांनी 1891 साली पुस्तक लिहिलं. ज्या ईईजीशिवाय, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखाशिवाय, न्यूरॉलॉजीचं पान हलत नाही, त्याची माणसाच्या डोक्यावरची पहिली नोंद 1924 साली घेणारे हान्स बर्गर मनोविकारतज्ज्ञ होते. अलॉइस अल्झायमर हेही मनोविकारतज्ज्ञच. ग्रीक वैद्यांनी तर जवळजवळ 2400 वर्षांपूर्वी लिहून ठेवलं की अपस्मार (फिट्स येण्याचा आजार) हा कुठल्या दैवी कोपाचा नव्हे तर मेंदूचा आजार आहे, आणि आपला आनंद, दुःख, भय, वेड सगळं त्याच मेंदूतून येतं. एकाच अवयवासाठी दोन ओपीडी असण्याला माझी हरकत नाही. दोघांच्या मधल्या जागेत पेशंट पडला तर तो कुणाचा, याचं उत्तर कुणाकडेच नसावं, याला हरकत आहे.

आता मेंदूत नेमकं काय बिघडतं, ते मला जेवढं उमगलं तेवढं लिहिते. तुम्हाला शिकवायला नाही. पेशंटला हे कळू शकतं, एवढं दाखवायला.

मेंदू शरीराकडून येणाऱ्या खबरांची वाट बघत बसत नाही. पुढे काय येणार याचा तो सतत अंदाज बांधत असतो आणि आलेली खबर त्या अंदाजाशी ताडून पाहतो. जिना उतरताना पायरी संपली आहे हे लक्षात न आल्यास पाऊल हवेत जातं आणि पोटात गोळा येतो. ती पायरी फक्त अंदाजात होती, तरी सगळ्या शरीराने ती धरून ठेवली होती. माझ्यासारख्यांच्या मेंदूत ‘हा पाय हलणार नाही’ असा अंदाज इतका घट्ट बसतो की पायाकडून येणाऱ्या खबरांना तो जुमानत नाही. आणि जितकं लक्ष पायावर, तितका तो अंदाज पक्का. म्हणून लक्ष डाव्या पायाकडे गेलं की उजवा काम करतो. म्हणून ज्यांचा हात असा थरथरतो, त्यांना दुसऱ्या हाताने ठेका धरायला लावला की थरथर थांबते किंवा त्या ठेक्यावर येते. कंपवाताची थरथर तसं करत नाही.

हे मुद्दाम केलेलं नसतं, याचा एक पुरावा मला फार मोलाचा वाटतो. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा कंप असलेल्या पेशंटांना एमआरआयमध्ये ठेवून त्यांचा आपोआप येणारा कंप आणि त्यांनीच मुद्दाम केलेला तसाच कंप, दोन्हींची तुलना केली गेली. माणूस तोच, हालचालही तशीच. पण आपोआप येणाऱ्या कंपाच्या वेळी मेंदूच्या उजव्या बाजूचा, शंखखंड आणि पार्श्वखंड जिथे भेटतात तो भाग कमी सक्रिय होता. ‘ही हालचाल मी करतोय’ ही जाणीव घडवण्यात त्या भागाचा सहभाग असतो असं मानलं जातं. 11 महिने मी अंधारात जो प्रश्न स्वतःला विचारत होते, त्याच्या उत्तराच्या मी त्या पानावर पहिल्यांदा जवळ गेले.

आणि अंदाज, अपेक्षा हे शब्द ऐकून कुणी ‘म्हणजे मनाचाच खेळ’ म्हणत असेल, तर 2001 सालचा कंपवाताच्या पेशंटांवरचा अभ्यास आठवावा. औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं, आणि आपल्याला औषध मिळालं असावं या अपेक्षेनेच त्यांच्या मेंदूत खरंखुरं डोपामिन, म्हणजे कंपवातात कमी पडणारं रसायन, स्रवलं. अपेक्षा ही मेंदूतली घटना आहे. ती मोजता येते.

इथे एक तक्रार. ‘हार्डवेअर ठीक आहे, सॉफ्टवेअर बिघडलंय’ ही उपमा आता अनेक डॉक्टर वापरतात. ‘काही झालेलं नाही’पेक्षा ती हजारपट बरी. पण माझ्या ओळखीच्या एका पेशंटने तिचा अर्थ असा घेतला की कुठलं तरी बटण दाबलं की आपण पुन्हा सुरू होऊ, आणि तसं झालं नाही तेव्हा ती पुन्हा स्वतःलाच दोष देत बसली. उपमा द्याच, पण तिथेच सोडून जाऊ नका.

आता उलट बाजू. ती लिहिली नाही तर हे पत्र अन्यायाचं होईल. जे मनाचं वाटलं आणि मेंदूत प्रत्यक्ष दिसणारा आजार निघाला, असं किती वेळा घडलं आहे! एके काळी वेड्यांची इस्पितळं ज्यांनी भरलेली असत, त्यांतल्या कित्येकांना स्वतःला सम्राट समजण्यासारखे भ्रम होत, मग वाचा जाई, मग अर्धांग, मग मृत्यू. 1913 साली हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा मृतांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आलं आणि ते वॉर्ड रिकामे झाले. आपल्या काळातलं उदाहरण 2007 सालचं. एखादी तरुण मुलगी अचानक झोपेनाशी होते, तिला आवाज ऐकू येतात, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटतं. काही दिवसांत फिट्स येतात, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली सुरू होतात, शुद्ध हरपते. होसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तिच्याच शरीरातल्या अँटिबॉडीज मेंदूतल्या पेशींवरच्या, निरोप घेणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरांवर हल्ला करत असतात, आणि काही जणींमध्ये त्याचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं. वेळेवर ओळखलं तर बहुतेक जणी बऱ्या होतात. अशा मुलीला आज कुणी ‘टेन्शन आहे’ म्हणून घरी पाठवलं तर ती दगावू शकते.

म्हणून तपासण्या कमी करा असं मी म्हणत नाही. करा. आणि मेंदूत बिघाड दिसला म्हणजे मनाचं काम संपलं, असंही धरू नका. पक्षाघात झालेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांना नैराश्य गाठतं, आणि ते ‘साहजिकच आहे, एवढं झालंय तर’ म्हणून उपचारांविना राहतं. कंपवातात हात थरथरायला लागण्याच्या कित्येक वर्षं आधी वास जातो, झोपेत हातपाय झाडले जातात, उदासी येते. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचं वर्णन करताना बुद्धी आणि संवेदना शाबूत राहतात असं लिहिलं होतं. आज आपल्याला त्याहून जास्त माहीत आहे. अपस्माराच्या पेशंटला येणारं नैराश्य हा त्या आजाराला चिकटलेला भाग आहे. तो स्वभाव नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘मन कसं आहे?’ हा प्रश्न विचारला तर मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकारावर अतिक्रमण होत नाही.

मी तुमच्याकडे मागते ते फार मोठं नाही. न्यूरॉलॉजीच्या निवासी डॉक्टरांना हूवरचं चिन्ह जसं परीक्षेसाठी शिकवता तसं ते पेशंटला दाखवायलाही शिकवा. तपासणाऱ्याला कळलं आणि पेशंटला कळलं नाही, तर ते चिन्ह पेशंटच्या विरुद्धचा पुरावा होऊन बसतं, ‘सापडलास बघ’ असं. दाखवलं तर तेच चिन्ह पेशंटच्या हातात आशा ठेवतं. मी तिथे आडवी पडले होते, दोन्हींमधला फरक मला माहीत आहे.

आजाराचं निदान थेट पेशंटला सांगा, व्हरांड्यात नवऱ्याला, भावाला, मुलाला नको.

मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं तर जरूर पाठवा, पण आजाराचं नाव सांगून पाठवा, आणि ‘पुन्हा सहा आठवड्यांनी माझ्याकडे या’ असंही सांगा. पेशंटला दार दाखवणं आणि दुसऱ्या दारापर्यंत सोबत जाणं यात फरक आहे. मनोविकारतज्ज्ञांना विनंती अशी की दुःख सापडलं नाही म्हणून चिठ्ठी उलट पाठवू नका. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या डीएसएम-5 या 2013 सालच्या निदानसूचीने, या आजारासाठी मागे एखादा मानसिक आघात सापडलाच पाहिजे ही अट काढून टाकली. अनेकांच्या आयुष्यात तसा आघात असतो, त्यांना तो बोलायला जागा हवी. माझ्या आयुष्यात मला तरी तो सापडला नाही. तरीही ‘आठवून बघा, काहीतरी असेलच’ असं मला इतक्या वेळा विचारलं गेलं की मी माझ्या साध्या, सुखाच्या लहानपणावरच संशय घ्यायला लागले होते.

झटक्यांच्या पेशंटांबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण त्यांना मोजावी लागणारी किंमत माझ्यापेक्षा जास्त आहे. दिसायला अपस्मारासारखे, पण ईईजीत अपस्माराचा विद्युत कल्लोळ नसलेले झटके. 2002 सालच्या एका जर्मन अभ्यासात अशा पेशंटांचं बरोबर निदान व्हायला सरासरी 7 वर्षांहून जास्त काळ गेल्याचं दिसलं. सात वर्षं अपस्माराची औषधं, त्यांच्या गुंगीसकट. कधी तातडीच्या विभागात घशात नळी. व्हिडिओ-ईईजीने, म्हणजे झटक्याचं चित्रण आणि ईईजी एकाच वेळी घेऊन, हे ओळखता येतं. झटक्यात डोळे घट्ट मिटलेले असणं यासारखी खूण सोबत असलेल्या माणसाच्या मोबाइलमधल्या चित्रणातही दिसू शकते, तेव्हा ते चित्रण मागून घ्या आणि बघा. काही जणांना दोन्ही प्रकारचे झटके असतात, म्हणून औषधं अचानक तोडूही नका. आणि ‘हे खोटे झटके आहेत’ हे शब्द कृपा करून कधीही वापरू नका. वाहनासमोर रस्त्यात कोसळलेल्या माणसाचं कोसळणं खोटं नसतं.

उपचारांबद्दल मी फुगवून सांगणार नाही. संशोधनही फुगवत नाही. या झटक्यांसाठी खास बांधलेल्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या, बोलण्यातून होणाऱ्या उपचाराची) मोठी चाचणी 2020 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर झटक्यांची संख्या दुसऱ्या गटापेक्षा ठळकपणे कमी झालेली नव्हती, पण लोकांचं रोजचं जगणं, त्रास, कामकाज यांत फरक पडला होता. माझ्यासारख्यांसाठीच्या विशेष फिजिओथेरपीच्या 2024 सालच्या चाचणीतही मुख्य मोजमापात फरक आला नाही. तरी आपण सुधारलो असं म्हणणारे त्या गटात जास्त होते. मला फिजिओथेरपीचा उपयोग झाला. फिजिओथेरपिस्टनी मला उलटं चालायला लावलं, ठेक्यावर चालायला लावलं, चालताना सतराचा पाढा उलटा म्हणायला लावला. एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे छत्तीस. उलट्या पाढ्यात गुंतलेला मेंदू पायाकडे बघायचं विसरला आणि पाय चालला. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी चालत गेले तेव्हा सतराशी पोचले होते.

आज मी उभी राहून शिकवते. थकले की पाय ओढला जातो, काही दिवस काठी लागते. पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. पण पहिल्या आठवड्यात निदान झालं असतं तर काठी आज लागली असती का, हा प्रश्न मला सुटत नाही. लवकर निदान झालेले पेशंट पुढे अधिक बरे होतात असं तुमचेच लोक सांगतात, म्हणून तो तुमच्यापुढे ठेवते.

माझ्या पहिल्या केसपेपरवर, चार दिवसांच्या नोंदींच्या तळाशी, तीन अक्षरं आहेत: एनएडी. अर्थ विचारला तेव्हा कळलं, काही विकृती आढळली नाही. टाचेखाली हात ठेवून कुणी तपासलं असतं तर आढळली असती. यापुढे तुमच्या ओपीडीत जी कुणी वॉकर घेऊन किंवा कुणाच्या तरी खांद्याचा आधार घेऊन येईल, तिच्या केसपेपरवर त्या तीन अक्षरांच्या जागी लिहा: ‘हूवरचं चिन्ह उजवीकडे सापडलं, पेशंटला दाखवलं.’

आपली,
एक पेशंट